चहाच्या आधी तीनची बोली

जोतीरामचा जोडीदार होऊन पत्त्यांत ब्रिज खेळणं म्हणजे पदरात निखारा बांधून घेणं. लढाईत इटलीला कॅप्टनच्या टेबलावर गडी कमी पडले की आम्हां दोघांना बसवायचे, तिथं आम्ही शिकलो. पण हा शिकला अर्धंच. हातात एक्का-राजाचा जोर नाही, मात्र एकाच रंगाची सात पानं आहेत, तर पहिल्या तोंडालाच एकदम तीनची उंच बोली लावायची. समोरच्या दोघांना आपसात बोलायला जागाच उरत नाही. एवढं त्यानं बरोबर उचललं. त्याच बोलीनं आपल्या जोडीदाराचंही तोंड बंद होतं, हे मी घसा फोडून सांगायचो, ते कानात शिरलं नाही. शेहेचाळीस साली साताऱ्याकडं गावी परतलो, तरी आमचं भांडण चालूच होतं.

त्याची लेक अंजना मिरजेला नर्सचं शिकत होती. इटलीत पायात छर्रे घुसले तेव्हा एका नर्सनं जोतीरामला पुन्हा चालवलं होतं, म्हणून त्यानं भावकीशी वाकडं घेऊन पोरीला धाडलं. एक वर्ष राहिलं होतं. तेवढ्यात तासगावचे सुभेदार नानासो यांच्या पलटणीतल्या मुलाचं, अर्जुनाचं स्थळ आलं. मुलगा अंजनालाही पसंत होता. पण नानासोंचा निरोप होता, येत्या वैशाखातच उरकू. म्हणजे शिक्षण अर्ध्यावर. अंजनानं बापाला कार्डावर एकच ओळ लिहिली होती, दादा, माझं एवढं वर्ष वाचवा.

बैठकीच्या आदल्या दिवशी जोतीराम माझ्याकडं आला.

"लालासाहेब, सुभेदार गोड बोलून मला वैशाखावर आननार. माझ्यात न्हाई म्हनायचा जोर न्हाई रं."

"मग हीच ती येळ गड्या. एकच रंग हाय तुझ्याकडं, पोरीचं वरीस. पयलंच उंच बोल."

बोललो खरा, पण मग वाटलं, स्थळ मोडलं तर पाप माझ्या माथी.

आमच्याकडं चहा झाल्याशिवाय विषयाला कुणी हात घालत नाही. आधी आत बायका बोलतात आणि त्यांचं काय ठरलं ते घरधनीण चहाबरोबर बाहेर घेऊन येते. नानासो येऊन टेकले, त्यांची बायको रंगुबाई आत गेली. जोतीरामची हरणाबाई कपबश्या घेऊन उंबऱ्यात दिसली न दिसली, तोच हा बोलून मोकळा.

"लगीन पुढल्या वर्साच्या वैशाखात. पोरगी नर्स हुईल, मगच मांडव."

हरणाबाई जागीच थांबली. भावकीतल्या बाळासोनं खाली मान घातली. 

नानासो पागोटं काढून मांडीवर ठेवत जोतीरामला म्हणाले, "हवालदार, आवं आमी त्येच मागायला आलोय. आठ दिसामागं अर्जुनाचं मलायातनं पत्र आलं, वरीसभर सुटका न्हाई. शबूद आमीच दिल्याला, आता फिरवायचा कसा, ह्या इचारानं मला दोन दिस जेवन ग्वाड लागंना."

त्यांनी मोठ्यानं श्वास सोडला आणि आमच्याही छातीवरचा धोंडा उतरला. जोतीराम रडतोय की हसतोय तेच मला कळेना.

पाहुणे गेल्यावर हरणाबाईनं त्याला धरलं. "आत रंगुबाईनं मला समदं सांगितलं हुतं. त्येच घिऊन येत हुते मी. एक कप च्या हुईस्तवर दम धरवला न्हाई तुमास्नी? ते तयार नसतं तर?"

 सल्ला माझा होता, म्हणून मी हळूच पायांत चपला सरकवल्या.

त्यानं अंजनाला कार्ड टाकलं, वर्ष वाचलं. दुसऱ्या दिवशी पत्ते वाटले. जोतीरामनं हात उघडला, कितीतरी वेळ पाहिला, मग माझ्याकडं पाहिलं आणि पास म्हणाला. डाव संपल्यावर कळलं, त्याच्याकडं इस्पिकची सात पानं होती, बाकी काही नाही. तीनची बोली लावायचा असा हात रोज येत नाही.

"बोलला का न्हाईस रं?"

"म्हटलं, आदी जोडीदाराचं ऐकावं."

एरवी मी पानं भिरकावली असती. त्या दिवशी गुपचूप गोळा केली आणि पिसायला घेतली.