बियाण्याची कणगी

पुंडलिक रामनगरच्या किराणा दुकानदाराचा पोरगा. त्याच्या घरात कणगी कुठली आलीय? भात त्यानं पाहिलं ते पोत्यातलं! मेल्यानं कणगी पाहिली ती आमच्या गुंद गावातल्या घरी, माझ्या आईच्या हातचं खाताना.

बंगळूरला आम्ही दोघं एकाच कंपनीत. शहाण्णव साल, फ्लॅश चिपवर माहिती साठवायचं काम. त्या चिपवरचं हवं तेवढंच पुसता येत नाही, अख्खा कप्पा रिकामा करावा लागतो. टिकणारी माहिती आणि घटकाभरात मरणारी एकाच कप्प्यात पडली, की टिकणारीला दरवेळी उचलून दुसरीकडे ठेवा. चिप झिजून जाते. मी म्हटलं, आमची आई बियाण्याचं भात आणि खायचं भात कधी एका कणगीत घालते का? प्रोग्रामनं ऑपरेटिंग सिस्टीमला आधीच सांगावं, हे बियाणं, हे खायचं, आणि तिनं ते वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवावं. हे सांगायचं कसं, ती सगळी रीत मी बसवली. पुंडलिकनं चाचण्या केल्या.

ज्याची कल्पना, त्याच्याच हाती पुढचं काम, असं मुख्य कचेरीतले मोठे साहेब म्हणाले. कल्पना घरच्या कणगीवरून सुचली, एवढंच त्यांच्या कानावर होतं, म्हणून त्यांना ती कणगीही बघायची होती. मी आधीच गावी येऊन घर सारवून घेतलं. पुंडलिक त्यांना जीपनं घेऊन आला. वाटेत त्यानं काय काय सांगून त्यांचे कान भरले, देव जाणे.

कळलं ते जेवायला बसल्यावर. साहेब इंग्रजीत म्हणाले, "पुंडलिक, लहानपणापासून ही कणगी बघत आलात, म्हणून सुचलं तर!" आणि तो गधडा खुशाल मान डोलावतोय. वर माझ्याकडं बोट. "ही माझी बहीण कमल. चाचण्यांत मदत करते मला."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तोंड उघडणार, तोच आईनं दंडाला चिमटा काढला. "पानावर बसल्याल्याला बोलायचं न्हाई." आमच्या घरची रीतच ती.

साहेबांनी आईला कन्नडात विचारलं, "हा तुमचाच मुलगा ना?"

"व्हय तर! माझाच ल्योक," आईनं हसून कन्नडातच सांगितलं आणि त्याला आणखी भात वाढला. तिच्या हातचं जो जेवला, तो तिचा लेकच.

हात धुताना मी साहेबांना गाठलं. "साहेब, ते डिझाइन माझं आहे."

ते हसले. "भावाबहिणीचं भांडण घरातच मिटवा," म्हणाले आणि जीपमध्ये बसले. पुंडलिक आईच्या पाया पडून गेला.

मी सगळं सांगितल्यावर आई म्हणाली, "मी काय वावगं बोलले गं, कमळे?"

"न्हाई, आई. तू हेच बोलशील, हे त्याला ठाऊक होतं."