पोपटाचं भाषण

राजधानीतल्या सरकारी नाट्यगृहात बाई विंगेत उभ्या राहून नटांना वाक्यं पुरवत. प्रॉम्प्टरबाई म्हणूनच सगळे त्यांना ओळखत. आवाज असा, की नटाला स्पष्ट कळावा आणि पहिल्या रांगेला त्याचा पत्ताही लागू नये. त्यात भावना औषधालाही नको. रडायचं-हसायचं ते नटानं. वाक्य विसरलेला नट एक शब्द न बोलता विंगेकडे बघतो. ती नजर बाईंना अंधारातही कळे.

नवं सरकार आलं आणि कात्री सुरू झाली. आधी सटरफटर वाक्यं गेली, मग पानंच्या पानं. तेव्हा नटमंडळींनी एक रीत पाडली. जे वाक्य कापलं, त्याच्या जागी तेवढा वेळ समोर बघत गप्प उभं राहायचं. जुनी नाटकं लोकांना तोंडपाठ! मग काय, नट गप्प आणि नाट्यगृहात हशा. बंदी बोलण्यावर होती, गप्प बसण्यावर नव्हती. काही वर्षांनी तीही आली. आणि त्यानंतरच्या पहिल्याच प्रयोगात बाईंचा धाकटा भाऊ राजाच्या वेषात असा निवांत गप्प उभा राहिला, की गॅलरीतले लोक बाकं बडवायला लागले. पोलिसांनी मुकुटासकट उचलून नेलं त्याला.

गप्प बसला म्हणून! काय म्हणावं या लोकांना? वर्ष उलटलं तरी ना भेट, ना खबर. दार वाजलं की भावजय हातातलं काम टाकून धावायची, आणि दारात दूधवाला. ते बघून बाईंचं रक्त उकळायचं.

आणि हे करणारा कोण? पोपट! हे नाव मंडळींनीच ठेवलेलं. हा गृहस्थ पूर्वी याच रंगमंचावर सेनापतीची कामं करायचा. पाठांतराच्या नावानं शंख. विंगेतून जे येईल ते हा छाती फुगवून ठोकून द्यायचा; डोक्यात शिरायच्या आधी तोंडातून बाहेर. एकदा बाई दिवेवाल्याला हळूच म्हणाल्या, "दिवा खाली घे." तर हा पठ्ठ्या राणीपुढे गुडघे टेकून गरजला, "दिवा खाली घे!" पुढे नव्या सरकारशी त्याचं सूत जमलं आणि सेनापतीचा सांस्कृतिक खात्याचा संचालक झाला. कात्री त्याच्याच हातात आली.

सरकारला दहा वर्षं झाली, त्याचा सोहळा नाट्यगृहात ठरला. रेडिओवर थेट प्रसारण, पहिल्या रांगेत खुद्द सरकारचे सर्वेसर्वा, थोरले साहेब. त्यांना कागद बघून बोलणारे आवडत नसत. पोपटानं तातडीनं बाईंना बोलावून घेतलं.

"बाई, तुम्ही विंगेत उभ्या राहा. भाषण नीट पार पडलं की भावाला सोडतो. शब्द आहे माझा."

बाई हो म्हणाल्या. भावासाठी त्या कुणालाही वाक्यं पुरवायला तयार होत्या.

सोहळ्याच्या दुपारी त्याच्या कार्यालयात तालीम झाली. खिडक्यांना मखमली पडदे. नाट्यगृहातूनच पळवलेले, बाईंनी बघताक्षणी ओळखले. तालीम संपल्यावर त्यांनी विचारलं, "मग संध्याकाळी त्याला न्यायला येऊ ना?"

पोपटानं चहाचा घोट घेतला. "तेवढं मात्र अवघड दिसतंय हो. वरून नाही म्हणतात. पुढच्या वर्षी बघू."

"तुम्ही शब्द दिला होतात."

"अहो, शब्दाचं काय घेऊन बसलात!" तो हसला. "आणि संध्याकाळी दांडी मारू नका हं. एकाचे दोन आत जायला वेळ लागत नाही."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो चहा त्याच्याच तोंडावर फेकावा असं वाटलं. मेल्या, उभी हयात माझे शब्द खाऊन जगलास, आणि मलाच विचारतोस शब्दाचं काय? पण त्यांनी पदर सावरला आणि थेट नाट्यगृह गाठलं.

संध्याकाळी पोपट माइकपुढे उभा राहिला, विंगेच्या अगदी लगत. बाई पुरवत गेल्या, तो गरजत गेला. रस्ते झाले, पूल झाले, प्रगती झाली. थोरले साहेब मान डोलवत होते. पोपटाला चेव आला. डोळे अर्धे मिटले, हात हवेत फिरायला लागले. हा आता आपल्या ताब्यात आला, हे बाईंनी ओळखलं.

"आणि आज थोरल्या साहेबांच्या उदार आज्ञेनं," त्या कुजबुजल्या. आवाज तोच, कोरडा.

"आणि आज थोरल्या साहेबांच्या उदार आज्ञेनं!"

"गप्प राहिलेल्या त्या नटाला,"

"गप्प राहिलेल्या त्या नटाला!"

"आत्ताच्या आत्ता सोडण्यात येत आहे."

"आत्ताच्या आत्ता सोडण्यात येत आहे!"

वाक्य तोंडातून सुटल्यावर पोपटाचे डोळे उघडले. तोवर गॅलरी उठली होती. लोक बाकं बडवत होते, ओरडत होते, रडत होते. थोरल्या साहेबांनी मागं वळून पाहिलं. आपल्या औदार्याचा एवढा जयजयकार! त्यांनी सावकाश टाळी वाजवली. झालं, आता कुणाची बिशाद होती नाही म्हणायची?

पोपट विंगेत धावत आला. "काय बोललीस तू?"

"मी?" बाई म्हणाल्या. "अहो, माझा आवाज कुणी ऐकलाय का? रेडिओवर तुम्हीच होतात."

दुसऱ्या दिवशी भाऊ घरी आला. गालफडं बसलेली, कानामागं वाळलेली जखम. भावजय हसू की रडू अशी झाली होती. तिनं गरम जेवण वाढलं. त्यानं पहिला घास घेतला आणि हात पुढं केला.

"ताई, ते दे ना जरा... ते..."

तो थांबला. भावजय खुदकन हसली. "बघा, आल्या आल्या नाटकं सुरू! गप्प राहायची खोड काही जात नाही."

बाई हसल्या नाहीत. मुद्दाम गप्प राहिलेला नट समोर बघतो. हा त्यांच्याकडे बघत होता. पानंच्या पानं तोंडपाठ असलेला त्यांचा भाऊ! काय केलं त्या हरामखोरांनी याच्या डोक्याचं? किंकाळी फोडावीशी वाटली, पण त्या नजरेपुढे त्यांनी तीही गिळली.

"मीठ," त्या हळूच म्हणाल्या.

"मीठ," भाऊ म्हणाला, आणि पुढच्या शब्दासाठी पुन्हा त्यांच्याकडे बघत राहिला.