दुसऱ्या नंबरचा पाव

मित्रांनो, माझे तोंड रुंद आहे, पोट त्याहून मोठे आहे, आणि गेली सोळा वर्षे त्यात एक काटकीसुद्धा पेटलेली नाही. मी आर्सेल गावची पावाची भट्टी. फ्रान्सच्या डोंगरात, चौदा वळणांचा रस्ता जिथे संपतो, तिथे माझे गाव आहे. समोरचा डोंगर इतका आडमुठा, की हिवाळ्याचे दोन महिने तो आम्हाला ऊन दिसूच देत नाही.

खालच्या नदीतले दगड बैलांनी ओढून आणले आणि मला बांधले, त्याला अडीचशे वर्षे झाली. तेव्हा मी गावाची नव्हते, सरदाराची होते. दुसरीकडे पाव भाजायची कुणाला मुभा नव्हती, आणि दर सोळा पावांमागे एक पाव गढीवर जायचा. पुढे क्रांती झाली, सरदार पळाला आणि मी चाळीस घरांची झाले. त्या दिवशी लोक माझ्यापुढे नाचले. एवढा मान मला पुन्हा कधी मिळाला नाही.

आमच्याकडे लाकडाची टंचाई, म्हणून मी वर्षातून दोनदाच पेटायचे. एकदा बर्फ पडण्याआधी आणि एकदा ते वितळल्यावर. काळ्या पिठाचे ते मोठे पाव सहा महिने पुरवायचे. शेवटी शेवटी ते कुऱ्हाडीने तोडून गरम सुपात बुडवावे लागत.

आता माझी एक खोड सांगते. मी गार असले, की पहिल्यांदा तापायला तिप्पट लाकूड खाते, आणि एवढे खाऊनही पहिल्या घराचा पाव बसका, फिकाच काढते. दुसऱ्या नंबरापासून मात्र पाव टम्म फुगतो. त्यामुळे पहिला नंबर कुणालाच नको असायचा. टोपीत चिठ्ठ्या टाकून तो ठरवत आणि ज्याला निघेल त्याची सगळे मिळून फिरकी घेत.

"अरे, हा पाव केलास की फरशी?"

"असू दे, असू दे. दाराला पायरी हवीच होती मला!"

मग पहिले महायुद्ध आले. एकोणीस जण ती चौदा वळणे उतरून गेले, आठ परत आले. बाकीच्यांची नावे चर्चच्या भिंतीवर आहेत. त्या वर्षी बायकांनी चिठ्ठ्या काढल्या आणि पहिला नंबर आलेल्या बाईला कुणी हसले नाही. पुढे खाली खोऱ्यात कारखाना निघाला, तरणी माणसे तिकडे गेली. पावाची गाडी हॉर्न वाजवत वर येऊ लागली. त्या हॉर्नचा मला फार राग यायचा. मग गिऱ्हाईकच उरले नाही म्हणून तीही बंद झाली.

शेवटी हिवाळ्यात दोनच धुराड्यांतून धूर निघायचा. एक आन्सेल्मचे आणि दुसरे फिलोमेनचे. तो गाई राखणारा, अबोल. ती चौकापलीकडची, बोलण्यात कुणाला हार न जाणारी. दोघांचेही जोडीदार केव्हाच गेलेले. माझी घुमटी मातीने सांधलेली आहे. मी वर्षानुवर्षे गार राहिले की ओल आत शिरते, गोठते आणि दगड सुटू लागतात. त्या दोघांनी मला पेटती ठेवली म्हणून मी उभी होते.

दोघेच असले तरी चिठ्ठ्या काढायच्याच. चिठ्ठ्या आन्सेल्म लिहायचा, आधी तोच उचलायचा, आणि दरवेळी त्यालाच पहिला नंबर निघायचा.

"तुझं नशीबच फुटकं रे!" फिलोमेन म्हणायची.

"काय करणार!" म्हणत तो उरलेली चिठ्ठी न उघडता माझ्यात टाकायचा. तिच्यावरही पहिलाच नंबर लिहिलेला असायचा. हे गुपित फक्त मला ठाऊक आहे, असे मी समजत होते.

एका शरदात पाव भाजून झाल्यावर फिलोमेनची मुलगी सोलांज मोटार घेऊन आली.

"चल ना गं आई, रस्ता निसरडा होईल."

"थांब जरा!" फिलोमेन काठी टेकत आन्सेल्मपाशी आली. "हिवाळ्यापुरतीच लेकीकडे जातेय हं. वसंतात माझा दुसरा नंबर ठेव. आणि मेल्या, पुढच्या खेपेला चिठ्ठ्या मी लिहिणार. अकरा वर्षं तुझ्या हातचा एक आणि एकच बघतेय!"

आन्सेल्म कानापर्यंत लाल झाला. "तुला... तुला माहीत होतं?"

"नाहीतर काय! तू लिहितोस ते दिसतं की. वाचता येतं मला."

तो हिवाळा मला फार जड गेला. आन्सेल्मही दिवसदिवस माझ्या ओट्यावर बसून रस्त्याकडे बघायचा. बर्फ वितळला. चिठ्ठ्या न काढताच त्याने स्वतःची सगळी लाकडे माझ्यात घातली आणि आपले बसके पाव भाजले. मग रस्त्याच्या टोकाशी जाऊन उभा राहिला. दुपारी टपालवाली बाई वर आली.

"आन्सेल्मकाका, फिलोमेनबाईंना आता उठवत नाही. त्या येणार नाहीत."

 घरातले उरलेले पीठ मळून, फुगू देऊन त्याने तिच्या पाळीला एकच पाव घातला. मित्रांनो, मी जन्मभर पाव भाजले, पण तसा पाव भाजला नाही. टम्म, तांबूस, टिचकी मारली की वाजणारा. आन्सेल्मच्या वाट्याला दुसऱ्या नंबरचा पाव अकरा वर्षांत आला नव्हता. त्याने तो चाखलादेखील नाही. फडक्यात बांधून, छातीशी धरून तो चौदा वळणांचा रस्ता उतरू लागला. तो पोचला का, तिने खाल्ला का, मला कुणी येऊन सांगितले नाही. तो परत आला नाही, एवढेच मला ठाऊक.

आता माझ्या घुमटीतून आभाळ दिसते. मित्रांनो, तुमच्याही पाळीला कधी भट्टी आयती तापलेली मिळत असेल. ती कुणी तापवली ते विचारा, आणि ते माणूस आहे तोवर त्याच्याकडे जा. उशीर करू नका. मी एवढी दगडाची, पण तो गेल्यावर तिसऱ्या दिवशी गार झाले.