पडदा विझेपर्यंत

मी एक जुनी, फुगलेली मोबाइलची बॅटरी आहे. वसईजवळ पापडीतल्या एका घरात, शिवणाच्या डब्यात, बटणांच्या शेजारी माझा मुक्काम असतो. बटणांना अजून कधीमधी काम मिळते, मला मिळत नाही. मित्रांनो, कीव करू नका. फक्त ऐकून घ्या.

माझ्या पोटात लिथियम आहे. २००४ साली रामचंद्रने मला फोनसकट घरी आणले. त्याचा धाकटा भाऊ प्रल्हाद जहाजावर इलेक्ट्रिशियन होता. जहाज बंदराला लागले की तो घरी फोन करी, पण घरातला जुना फोन निम्मा वेळ मुकाच असायचा. त्यांची आई शांता त्या फोनची वाट पाहत दिवस मोजायची. म्हणून आल्या दिवशी मला हळदकुंकू लागले. मी भलतीच सुखावले.

दुकानदाराने बजावून सांगितले होते, "पूर्ण उतरल्याशिवाय चार्जिंगला लावायची नाही. बॅटरी खराब होते." हा नियम माझ्या आधीच्या निकेलच्या बॅटऱ्यांचा. मला तो घातकच होता. पण रामचंद्रची बायको आशालता नेमाची बाई. संकष्टीला चंद्र दिसेपर्यंत ती जशी उपाशी राहायची, तशी ती मलाही पडदा विझेपर्यंत उपाशी ठेवायची. मग एकदा लावले की लावले. भरून झाल्यावरही मी तासन्‌तास फ्रिजच्या गरम डोक्यावर चार्जरला लटकत असे. अगदी रिकामे होणे मला बाधते आणि भरल्या पोटी उकाड्यात पडणेही बाधते. तिला कोण सांगणार? मला तोंड नव्हते.

दोन वर्षांत माझा दम गेला. निम्म्या रेघा दिसत असतानाच मी एकदम बंद पडू लागले. आशालता म्हणायची, "नीट उतरत नसेल." आणि नेम आणखी कडक करायची.

त्याच सुमारास शांता अंथरुणाला खिळली. आशालता तिला दर दोन तासांनी चार चमचे पेज भरवी. "पोट रिकामं ठेवू नका," असे डॉक्टर म्हणाले होते. हे सगळे मी उशाशी पडून पाहत होते.

एके दिवशी सकाळी माझ्यात दोनच रेघा उरल्या होत्या. रामचंद्र म्हणाला, "लाव की गं चार्जिंगला. दहाला लाइट जाईल."

"अजून उतरली नाहीये," आशालता म्हणाली.

भारनियमनाची वेळ झाली, वीज गेली. अकराला फोन वाजला. आशालताने तो सासूच्या कानाशी धरला.

"आई, मी प्रल्हाद. ऐकतेस ना?"

शांताचे ओठ हलले. मी सगळे बळ एकवटले, खरेच सांगते. पण पडदा विझला.

वीज आली तेव्हा दोन वाजले होते. तोवर जहाज सुटले होते. तिसऱ्या दिवशी शांता गेली.

दोन महिन्यांनी प्रल्हाद घरी आला. त्याने फोन उघडून मला तळहातावर घेतले आणि अंगठ्याने माझे फुगलेले पोट चाचपले. आशालताने रडत रडत सारे सांगितले.

मग तो म्हणाला, "वहिनी, या बॅटरीला उपास घालायचा नसतो. अधूनमधून थोडं थोडं द्यायचं, भरली की काढायची. माझंच चुकलं. रोज हेच काम करतो मी, पण घरी सांगायचं सुचलं नाही." थोड्या वेळाने त्याने विचारले, "आई काय म्हणत होती?"

"तुम्हाला ऐकू गेलं नाही?"

"नाही."

"'जेवलास का रे?' एवढंच म्हणाल्या."

प्रल्हाद मला मुठीत धरून खाली बसला. माझ्यातून फक्त तेवढे तीन शब्द जायचे होते.

मित्रांनो, मला आता कोणी चार्ज करू नका. फुगलेल्या बॅटरीला वीज देणे धोक्याचे असते. पण तुमच्या घरातली जी अजून धडधाकट आहे, तिला पार रिकामी होऊ देऊ नका. कोणाचा आवाज यायचा असेल, कोणास ठाऊक.