सहा चित्रांचा उशीर

पोस्टरच्या वरच्या कोपऱ्यात लोखंडी पट्टी घालून गेमिंग कॅफेच्या मालकाने खरवडायला सुरुवात केली, तशा मोजणीबाई खुर्चीवरून उठल्या आणि त्यांनी त्याच्या हातातून पट्टी काढून घेतली.

"घाई काय आहे तुला एवढी? माणूस निवृत्त झालाय, मेला नाहीये."

"उपांत्य सामना आठ दिवसांवर आलाय, बाई. ऐन वेळी शेपूट घालून पळाला. माझ्या भिंतीवर पळपुटे नकोत मला."

भिंतीवरचा माणूस बत्तीस वर्षांचा होता आणि सगळे त्याला आजोबा म्हणत. कॉम्प्युटरवरच्या ज्या खेळात पाच जण दुसऱ्या पाच जणांना पडक्या कारखान्यात शोधून टिपतात, त्यात एकोणिसाव्या वर्षी खेळाडू मुरलेला समजला जातो आणि पंचविशीत त्याला उतरती कळा लागते. आजोबा तेरा वर्षं टिकले होते. आज सकाळी दहाला त्यांनी चाहत्यांच्या ग्रुपवर चार ओळी टाकल्या. थांबतोय, आजपासूनच, कारण विचारू नका, आभार. कारण विचारू नका म्हटल्यावर चाहत्यांनी दुसरं काही विचारलंच नाही. बारा वाजेपर्यंत कालच्या देवाचा दगड झाला होता. कुणी त्यांना भेकड म्हणत होतं, कुणी विकला गेलेला. एकाने त्यांच्या नावाची जर्सी दारात पायपुसणं म्हणून टाकली, वर तिचा फोटो काढून पाठवला, आणि त्याला नऊशे जणांनी टाळ्या दिल्या.

तो फोटो पाहून मोजणीबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. कधी नव्हे ती त्यांनी ग्रुपवर शिवी लिहिली होती, आणि पुसली नव्हती.

आठवड्याचे सहा दिवस त्या दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवायच्या. रविवारी मेणाचा आणि प्लास्टरचा वास धुऊन टाकून या कॅफेत यायच्या. अकरा वर्षांपूर्वी भाच्याने त्यांना हा खेळ दाखवला. भाचा पुढे लग्न करून खेळ विसरला, मावशी काही विसरल्या नाहीत. स्वतः त्या एकदाही खेळल्या नाहीत, त्या मोजायच्या. पडद्यावर एका सेकंदात साठ चित्रं सरकतात. सामन्याचं रेकॉर्डिंग एकेका चित्रावर थांबवत त्या बघायच्या, आणि आजोबांनी कुठे, कधी, किती चित्रांत काय केलं ते वहीत उतरवायच्या. कवळीत केसाएवढा फरक राहिला तरी गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी दारात उभं राहतं, त्यामुळे बारीक बघायची डोळ्यांना सवय होतीच. ग्रुपनेच त्यांचं नाव मोजणीबाई पाडलं होतं.

गल्ल्याजवळच्या स्टुलावर बसवाले काका बसले होते. तेही संतापले होते, पण आजोबांवर नव्हे. शहराच्या बसगाड्या चालवण्यात उभा जन्म गेल्यामुळे, कोण स्वतः उतरला आणि कोणाला ढकललं हे आपल्याला मागच्या आरशातसुद्धा कळतं, असं त्यांचं म्हणणं होतं. आजोबा गेले नव्हते, घालवले गेले होते. गेलं वर्ष-दीड वर्ष प्रत्येक सामन्यात सगळ्यात आधी तेच पडत होते. नवा कोच आल्यापासूनचं हे सगळं. आतलाच कोणीतरी घरभेदी होता, त्याने आजोबांचं वर्म बाहेर पोचवलं होतं, आणि क्लबमध्ये आंधळं दळतंय नि कुत्रं पीठ खातंय असा कारभार होता. मालकाने हे ऐकलं आणि त्याला ते लगेच पटलं. पळपुट्या आजोबांपेक्षा फसवले गेलेले आजोबा त्यालाही बरे वाटत असावेत. तो कीबोर्ड ओढून क्लबला पत्र लिहायला बसला.

पहिलं वाक्य मोजणीबाईंनी सांगितलं. आजोबांना कोणी संपवलं, त्याचं नाव कळेपर्यंत आम्ही गप्प बसणार नाही. तिघांनाही ते आवडलं.

"आता पुरावा जोडा," काका म्हणाले. "नुसती आरडाओरड केली तर हसतील आपल्याला. बाई, तुमच्या वहीत असेलच की."

वहीत सगळंच होतं. मोजणीबाईंनी पिशवीतून ती काढली, चष्मा चढवला आणि गेल्या दोन हंगामांचे सामने बघायला घेतले. प्रत्येक सामन्याखाली एक रकाना होता, आजोबा कोणत्या बाजूने आलेल्या गोळीने पडले त्याचा. आधीच्या पानांवर सगळी भेसळ होती. उजवीकडून, समोरून, डावीकडून, मागून, पुन्हा समोरून. मग एका पानावर नऊपैकी सात वेळा डावीकडून. पुढच्या सामन्यात आठपैकी आठ. वेगळा संघ, वेगळं मैदान, तरी डावीकडूनच. त्या पानं उलटत गेल्या. डावीकडून, डावीकडून, डावीकडून. प्रत्येक वेळी त्यांनीच आपल्या हाताने लिहिलं होतं, आणि हरल्याच्या दुःखात सगळी पानं एकापुढे एक ठेवून वाचायचं तेवढं राहिलं होतं.

"काका, तुमचं खरं आहे," त्या वहीवर बोट आपटत म्हणाल्या. "कोणीतरी सांगितलंय. सगळ्या संघांना सांगितलंय. मेल्यांनी एकाच बाजूने गाठून गाठून मारलंय त्यांना."

"कधीपासून?"

त्यांनी मागे पानं उलटली. "चौदा मार्चचा सामना. गेल्या वर्षीचा."

"आणि कोच कधी आला?"

"मे महिन्यात," मालक स्क्रीनवर बघून म्हणाला.

काकांनी डोकं खाजवलं. कोचला आपण उगाच धरलं, चोर सोडून संन्याशाला सुळी द्यायला नको, असं ते पुटपुटले. मग मार्चच्या त्या दिवसांत काय झालं होतं ते आठवायला त्यांनी बाईंना सांगितलं. कोणी संघ सोडला होता का? कोणाची मुलाखत आली होती का?

मोजणीबाई आठवायला लागल्या आणि आठवताना त्यांची नजर भिंतीवर गेली. पोस्टरला लागूनच एक कागद चिकटवलेला होता. मालकाने स्वतःच्या प्रिंटरवर रंगीत छापून तो लावला होता, आणि येणाऱ्या प्रत्येकाला तो दाखवायचा. आजोबा म्हातारे झालेले नाहीत, असा मथळा. खाली मोजणीबाईंचं नाव, आणि नावाखाली तारीख, दहा मार्च.

त्याच्या आधीच्या महिन्यात लोक आजोबांना मंद म्हणायला लागले होते. तेव्हाही त्या अशाच भडकल्या होत्या. तीन आठवडे रोज लॅबमधून आल्यावर बसून त्यांनी दोनशे बारा चकमकी मोजल्या, आणि आकड्यांनी सगळ्यांची तोंडं बंद केली. उजवीकडून, समोरून, मागून कोणी येवो, आजोबा अजून विशीतल्या पोरासारखे वळतात. उशीर होतो तो फक्त डावीकडे, सहा चित्रांचा, म्हणजे सेकंदाच्या दहाव्या भागाचा. मनगट त्या बाजूला अडत असावं. संघाने एवढंच सांभाळावं, की त्यांच्या डाव्या हाताला भिंत राहील. त्यांनी बाण काढून आकृतीसुद्धा जोडली होती. तो लेख चाळीस हजार लोकांनी वाचला. प्रतिस्पर्धी संघांच्या माणसांनीही त्याला अंगठे दिले, तेव्हा बाईंना केवढा अभिमान वाटला होता. लॅबमध्ये त्यांनी पेढे नाहीत, पण सगळ्यांना चहा पाजला होता.

लेखाखाली आजोबांचं उत्तरही छापलेलं होतं. तेरा वर्षांत त्यांनी चाहत्यांपैकी एकाच माणसाला उत्तर दिलं होतं. मालकाने त्याच्याखाली लाल रेघ मारली होती आणि बाईंना ते तोंडपाठ होतं. तरी त्या उठून जवळ गेल्या आणि त्यांनी ते पुन्हा वाचलं.

*बाई, अगदी बरोबर मोजलंत. हे मी कोणालाही सांगितलं नव्हतं.*

काका वही घेऊन त्यांच्या मागे येऊन उभे राहिले. त्यांनी कागदावरची तारीख पाहिली, वहीतली पाहिली, आणि वही मिटली.

"मी हा लेख डेपोतल्या सगळ्यांना पाठवला होता," ते हळूच म्हणाले. "तुम्ही एकट्या नाही, बाई."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. त्यांना स्वतःची इतकी चीड आली होती की, काकांचा चांगुलपणाही सोसवेना. सकाळी शिवी हासडली ती जर्सीचं पायपुसणं करणाऱ्याला. त्याने फक्त जर्सी तुडवली होती.

"बाई, पुराव्यात काय घालू?" मालकाने गल्ल्यावरून विचारलं. "नाव सापडलं का?"

मोजणीबाईंनी टेबलावरची लोखंडी पट्टी उचलली. पोस्टरला धक्का न लावता त्यांनी शेजारचा कागद कडेकडेने सोडवला. एक कोपरा भिंतीलाच राहिला, पण नाव, तारीख आणि लाल रेघ शाबूत आली. तो त्यांनी मालकासमोर कीबोर्डवर ठेवला आणि काकांकडून वही घेऊन तिचं चौदा मार्चचं पान शेजारी उघडून ठेवलं.

"हे दोन्ही जोड. आणि क्लबला नको पाठवू. ग्रुपवर टाक."

"आणि पहिलं वाक्य?"

"ते तसंच राहू दे."

मालक गोंधळून आधी वही वाचू लागला, मग कागद. बाई त्याच्या खुर्चीमागे उभ्या होत्या. तो लाल रेघेपर्यंत आला आणि तिथेच थांबला. त्याला कळायला किती वेळ लागला, हे त्यांनी मोजलं नाही.