चौथऱ्याचं मूळ

तळवडीच्या चौथऱ्याचा कुणी एक अर्थ सांगितला की तो पुरुषभर उंच होई. गावाला त्याचं काही वाटत नसे. शब्दकोशाच्या कचेरीतून आलेल्या कुमुद पारसनीसांना मात्र हे चौथा अर्थ लिहून झाल्यावर कळलं, कारण खाली काढून ठेवलेल्या चपला काडेपेटीएवढ्या दिसू लागल्या होत्या.

रीतच तशी होती. विचारणाऱ्याने चपला काढून वर बसायचं, सांगणाऱ्याने खाली उभं राहायचं.

"पालखी टेकते ती जागा," भिकू गुरव म्हणाला होता. "नवरीला हळद लावत्यात ती," हौसाबाई म्हणाल्या. सर्जेराव म्हणाले, "गावकी बसते ती." दशरथ मान खाली घालून म्हणाला, "आमचा आज्या निजलाय ती."

माथ्यावर ‘चौथरा’ लिहिलेल्या चिठ्ठीवर कुमुदताईंनी एकेक अर्थ सुवाच्य अक्षरात उतरवला. कामात चोख बाई. आपण वर चाललोय याकडे लक्ष जाईल तर शपथ!

चिठ्ठीवरचा एक रकाना कोरा होता, शब्दाच्या मुळाचा. चौदा वर्षं तो तसाच होता. पंडितांनी बांधलेला एकही अंदाज ताईंना पटला नव्हता, म्हणून निवृत्तीच्या आठवड्यात त्या इथवर आल्या होत्या. मूळ ठाऊक होतं ते एकट्या गोजराबाईंना, आणि त्या खाली मातीत बसल्या होत्या.

"सांगा ना आजी!" ताई वरून ओरडल्या.

"मूळ कानात सांगत्यात, वरडून न्हाई. खाली ये."

"कशी येऊ?"

"चढलीस तशीच. एकेक खोड."

ताईंनी पहिला अर्थ खोडला. चौथरा पुरुषभर खचला. देवळासमोर चार भोई पालखी खांद्यावर घेऊन गोल फिरू लागले. "टेकवायची कुठं?" एकाने भिकूला विचारलं. भिकूला सांगता येईना.

दुसरा खोडला. हौसाबाईंच्या हातात हळदीची वाटी तशीच राहिली. तिसरा खोडला. सर्जेराव उभ्या उभ्याच गावकीला काहीतरी समजावू लागले.

दशरथच्या ओळीवर पेन अडलं. "खोडू का रे?"

"तुमीच लिवलंय, तुमीच बगा," तो म्हणाला. त्याच्या हातात झेंडूचं फूल होतं.

ताईंना वाईट वाटलं, फार वाटलं. पण जीव त्या रकान्यात अडकला होता. त्यांनी रेघ ओढली आणि पाय जमिनीला लागले.

गोजराबाईंनी कानाशी तोंड नेऊन सगळं सांगितलं. ते इतकं साधं होतं की ताईंना हसू फुटलं. त्यांनी भराभर लिहिलं. रकाना भरला. मग सवयीने चिठ्ठी वरपासून वाचायला घेतली. माथ्यावर त्यांच्याच अक्षरात एक शब्द होता. तो त्यांनी कधी पाहिलेला नव्हता.

"आजी, हे कशाचं मूळ सांगितलंत?"

"मला काय ठावं, पोरी? इचारत तू हुतीस."

ताईंनी मागे वळून पाहिलं. सपाट मातीवर दशरथ फूल धरून उभा होता.