अकरा नंबरची पाठ

या, असे जवळ सरका. एका उंदरिणीच्या पाठीवरून दोन शहाणी माणसं कशी अडली, ते सांगतो.

कर्करोगावर किरणं घेणाऱ्यांची कातडी भाजते. तिच्यावर इलाज सापडावा म्हणून एक संशोधक बाई उंदरांच्या पाठीवरचे केस काढून तिथे किरणं सोडत आणि कातडीला रोज आकडा देत. लाली आली तर एक, कोरडे पापुद्रे सुटले तर दोन, जराशी ओलावली तर तीन, ओली होऊन चिघळली तर चार. पिंजरे सांभाळणारे मामाही आपला आकडा वेगळ्या कागदावर लिहीत. दोघांचे जुळले नाहीत तर बाईंची दोन वर्षं पाण्यात.

आणि जुळायचं नाव नाही. मामांच्या कागदावर सगळ्यांना एक. बाईंनी जाब विचारला, तर म्हणाले, सातव्याने आज पोटभर खाल्लंय, नवव्याने हाक ओळखली, आणि अकरा नंबर तर फारच सालस पोर.

"मामा, मी कातडीचं विचारतेय, वळणाचं नाही."

"रोज पाणी पाजतो, बाई. तोंडावर वाईट कसं सांगू?"

बाई म्हणाल्या, "दोघांचा चार पडला तरच दुखणं थांबवायचं औषध देता येतं. तुम्ही लाडाने एक लिहिता, आणि तो जीव तसाच तळमळतो."

मामांनी हातातला कागद बाजूला ठेवला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी घरून उशीचा जुना अभ्रा आणला, मधोमध भोक पाडलेला. बाईंनी उंदीर त्यात घालून द्यायचा, मामांनी भोकातून नुसती पाठ बघायची. तोंड दिसत नाही, भीड पडत नाही. शेपटीवरूनही ते ओळखत, म्हणून शेपटीसुद्धा आत. पंधरा दिवस आकडे टाळाला टाळ लागावा तसे जुळले.

मग एका सकाळी अकरा नंबरला मामांचा चार, बाईंचा दोन. बाई म्हणाल्या, कोरडीच आहे, उजेडात चमकतेय एवढंच. मामांनी पाहिलं, तर अकरा नंबर बाईंच्या तळहातावर पाय पसरून निवांत पडलेली, आणि बाईंच्या कोटाच्या खिशातून सूर्यफुलाच्या बिया डोकावत होत्या.

मामांनी अभ्रा पुढे केला. "घ्या. आता तुमची पाळी."

बाईंनी भोकातून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग दोन खोडून चार लिहिला आणि नाक पुसत औषध भरायला गेल्या. दुपारी अकरा नंबरने खिशातल्या बिया संपवल्या.

कधी कुणा आपल्या माणसाच्या भाजल्या कातडीला मलमाने गारवा मिळाला, तर देवाचं नाव घेता घेता त्या अकरा नंबरचीही आठवण काढा.